शंभर टक्के मागणी

सोमनाथ सरांच्या कंपायलरला पहिलं पत्र आलं, तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण ठेवूनच त्यांनी पाकीट फोडलं आणि असे ओरडले, की गॅसवाला आला समजून शेजारच्या कुशाबाई रिकामा सिलिंडर ओढत दारात आल्या.

बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या गृहस्थांनी तीन वर्षं खपून एक कंपायलर लिहिला होता. म्हणजे पोरांनी सोप्या भाषेत लिहिलेलं मशीनला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. तो फुकट होता, आणि आतलं सगळं लिखाणही उघडं. ज्याला वाटेल त्याने बघावं, सुधारावं. बघायला कोणी फिरकत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण मशीन बदललं की त्याची भाषा बदलते. कुठल्या मशिनांसाठी कंपायलर करायचा, हे लोकांनीच ठरवावं म्हणून सरांनी चाळीस पाकिटं कॉलेजांना, क्लासेसना आणि वाचनालयांना धाडली. प्रत्येकात फ्लॉपी, माहितीपुस्तिका आणि पाच चौकोनांचा अर्ज. चार महिन्यांत आलेलं हे एकमेव उत्तर.

इंदापूरच्या सावळाराम गायकवाड यांनी पाचही चौकोनांत खुणा केल्या होत्या. डॉस, विंडोज, लिनक्स, युनिक्स आणि मॅकिंटॉश.

"इंदापुरात मॅकिंटॉश?" सरांची बायको अंजली म्हणाली. "आपल्या बारामतीत तरी बघितलाय का कुणी?"

"असेल त्यांच्याकडं. मोठा माणूस दिसतोय."

"अहो, डॉस आणि लिनक्सचं झालंय ना? मग बास की. एका माणसासाठी कशाला जीव काढताय?"

"एक कुठं? उत्तर देणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांची मागणी आहे."

सरांना हसणं सोपं आहे. पण तीन वर्षं एकट्याने भिंतीशी बोलल्यावर भिंतीपलीकडून कोणी 'ओ' दिली, तर माणूस काय काय करील सांगता येत नाही. विंडोजमध्ये पावसाळा गेला. युनिक्सने दिवाळी खाल्ली, आणि तिच्याबरोबर अंजलीचं गणपतीपुळंही. मॅकिंटॉश पुण्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये सापडला. मालक जेवायला बसला की तेवढा वेळ सरांनी त्यावर काम करायचं. दर शनिवारी पहाटेच्या एसटीने जाऊन सर जेमतेम वीस मिनिटं काम करून येत. मालक भराभर जेवायचा.

जानेवारीत पाच फ्लॉप्या तयार झाल्या. सर इंदापूरला निघाले तशी अंजलीही पिशवी घेऊन निघाली. "मला तो माणूस बघायचाय," ती म्हणाली.

तो माणूस ओट्यावर पेपर वाचत बसला होता. सत्तरीचा, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

"जयभीम, या. बसा, सर."

चहा झाला. सरांनी फ्लॉप्या मांडल्या. "आबा, मशिनं कुठं आहेत तुमची?"

"कसली मशिनं?"

"ही पाच. तुम्ही खुणा केल्यात ना!"

"त्या व्हय! वाचनालयात पाकीट पडून हुतं, त्ये आमी घरी आनलं. सर, आमी अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. बत्तीस वर्षांत येकच शिकलो. चौकोन रिकामा सोडला, की अर्ज परत येतो."

"म्हणजे तुमच्याकडं कॉम्प्युटर..."

"न्हाय की. शिलाई मशीन हाय, पर त्ये बी सुनंचं."

सर एकेक फ्लॉपी गोळा करायला लागले. सहा महिने ज्या क्षणाची वाट बघत अंजलीने हसू साठवलं होतं, तो आला, आणि नवऱ्याचा चेहरा बघून तिला हसताच येईना. तिने नुसती फ्लॉप्यांची चवड नीट केली.

"पर पुस्तक वाचलं बगा तुमचं," आबा म्हणाले. "दोनदा. समदी उदाहरणं वहीत सोडवली. येकच जमंना." त्यांनी आतून पुस्तिका आणली. एकविसाव्या पानावर लाल गोल होता. "वीस वजा पाच वजा तीन. तुमी छापलंय अठरा."

"मशीनने दिलेलं उत्तर आहे, आबा."

"आसंल. पर वीस डाळिंबं हायती. पाच पाव्हन्यास्नी दिली, तीन पोरांनी खाल्ली. ऱ्हायली किती?"

"बारा," अंजली म्हणाली.

सरांनी पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. त्यांचा कंपायलर मागची वजाबाकी आधी करत होता. पाचातून तीन गेले, मग विसातून दोन. "पाचही मशिनांवर अठराच येतं," ते पुटपुटले. सहा महिने राबून त्यांनी एकच चूक आणखी तीन मशिनांपर्यंत पोचवली होती.

आता मात्र अंजली हसली. मग सरही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांचं पुस्तक कोणीतरी दोनदा वाचलं होतं!

"आबा, पुढचं पुस्तक छापायच्या आधी तपासून द्याल?"

"तोंडी न्हाय चालत. अर्ज करा."

सरांनी पिशवीतल्या कोऱ्या अर्जाच्या पाठीवर विनंती लिहून दिली. आबांनी ती वाचली आणि कागद उलटा केला. "आन् ह्ये चौकोन?"

सरांनी डॉसवर खूण केली, लिनक्सवर केली, आणि पेन मिटलं. "बास. एवढंच करायचं."

"मग बाकीच्यात 'निरंक' लिवा."

सर लिहायला लागले. 'नि' कसाबसा आत गेला, बाकीचा शब्द चौकोनाबाहेर. त्यांनी पुन्हा बारीक अक्षरात लिहून बघितलं. मग हळूच मान वर केली.

"आबा, तुम्हालाही निरंकच लिहायचं होतं का?"

"व्हय की," आबा म्हणाले. "बसंना. म्हनून खूण केली."