बँकेची सून

आमच्या गल्लीत एक माणूस रोज सकाळी एका घराला टोमणे मारायचा. घरातल्या माणसांना नाही. घरात माणूस नव्हताच. घरालाच. तोंडात राखुंडी, हातात तांब्या आणि समोर कुलूप लावलेलं दार. चूळ भरून झाली की म्हणायचा, "उठली का वं, बँकेची सून? आज तरी सासरचं कोणी येऊन राहिलं का न्याले?"

या माणसाचं नाव डोमाजी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी उमरेडला दिलेली. घरात एक माग, एक चूल आणि स्वतः. माझं घर त्याच्या समोर. मधे गल्ली एवढी अरुंद, की त्याला शिंक आली तर मी पदर पुढे घ्यायची.

बँकेची सून म्हणजे त्याच्या शेजारचं घर. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. ते घर होतं कवडूचं. कवडूही विणकरच, पण जरा वाऱ्यावर चालणारा. हातमागावर पोट भरत नाही म्हणून त्याने घर गहाण टाकलं, बँकेचं कर्ज काढलं आणि टिनाच्या शेडमधे पावरलूम लावले. मग सूत महागलं. वीज यायची तेव्हा सूत नसायचं, सूत असायचं तेव्हा वीज नसायची. शेड बसली, कवडू पुन्हा घरच्या हातमागावर आला. एका दुपारी जीप आली. बँकेच्या माणसांनी दाराला कुलूप लावलं, कुलपावर कापड गुंडाळलं, वर लाखेचा लाल शिक्का मारला आणि दारावर कागद चिकटवला. गल्लीतल्या बायकांना तो कागद मी वाचून दाखवला. चौथीपर्यंतची शाळा तेवढी कामी आली. मोठे शब्द सोडून वाचला, तरी सगळ्यांना समजला.

कवडू भांडीकुंडी आणि बायकोला घेऊन सावनेरला तिच्या भावाकडे गेला. तिथे कोळशाच्या खाणीत लागला. माग मात्र घरातच राहिला. जमिनीत खुंटे गाडलेले, पाय सोडायला खड्डा खणलेला. असा माग काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही.

डोमाजी म्हणायचा, तो लाल शिक्का म्हणजे कुंकू. "कुंकू लावलं अन् निघून गेले. ना नेत, ना नांदवत. अशी सोयरीक पाहिली होती का वैनी तुम्ही?"

मी म्हणायची, तुमच्या घरची तर नाही ना ती. तुम्ही कशाला सुकता?

पण सुकत होता खरा. पहिल्या पावसाळ्यात त्या घराच्या कौलांवर गवत उगवलं. दुसऱ्या पावसाळ्यात अंगणात गाजरगवत कमरेएवढं झालं. उंदीर झाले, उंदरांमागे साप आले, आणि रस्त्याकडच्या खिडकीचा कडी नसलेला पल्ला वाऱ्याने दिवसभर आपटायला लागला. दुसऱ्या कोणी गवत उपटून फेकलं असतं. डोमाजीचं तसं नव्हतं. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "ज्याचं त्याले." त्या घरातून मेलेला उंदीर त्याच्या अंगणात आला, की तो कागदात बांधायचा, धुतलेली टोपी घालायचा आणि पायी बँकेत जायचा. उंदीर साहेबाच्या टेबलावर ठेवून म्हणायचा, "साहेब, तुमचं जनावर चुकून माह्याकडे आलं होतं. ज्याचं त्याले."

सापाची कात अशीच नेली. गाजरगवताची जुडी नेली. एकदा घसरलेली कौलं पोत्यात भरून नेली. साहेब आधी समजावून सांगायचे, मग रागवायचे, मग अर्ज करा म्हणायचे, आणि मग त्यांची बदली व्हायची. नव्या साहेबाला डोमाजी पहिल्यापासून सगळं सांगायचा. डोमाजी पायरी चढताना दिसला, की बँकेचा चपराशी पाणी भरायला मागच्या दाराने पळायचा, असं ऐकलं.

शिक्क्याला मात्र त्याने कधी बोट लावलं नाही. कुंपणाच्या आतही पाय टाकला नाही. दुसऱ्याची सून, म्हणायचा.

या सगळ्यात त्याच्या मागाचं काय चाललं होतं, ते मला ओट्यावरून दिसायचं. आमचे हे गेल्यापासून मी लोकांचं तिखट कुटून देते. ओट्यावर दगडी उखळ, समोर डोमाजीचं दार. डोमाजी मागावर बसायचा, धोटा चार वेळा इकडून तिकडे फेकायचा आणि उठायचा. बाहेर यायचा, शेजारच्या घराकडे पाहायचा, आत जायचा. पुन्हा खटक-खट, पुन्हा बाहेर. दिवाळीला लावलेलं लुगडं शिमग्यापर्यंत मागावरच. इतवारी बाजारातल्या ज्या शेठचं सूत होतं, त्याने दोनदा माणूस पाठवला. त्या माणसालाही याने बँकेच्या सुनेची कहाणी ऐकवली.

त्याचं ते आत-बाहेर पाहून माझा जीव उबगायचा. एकदा म्हटलं, "काय गा डोमाजी, पायाले भिंगरी लावली का?"

तो म्हणाला, तो पल्ला वाजतो, ध्यान लागत नाही. वर मलाही सुनावलं. "तुमच्या कुटण्यालेही ताल नाही, वैनी. कुटता तं कुटता, थांबता तं थांबता."

ताल पाहिजे तर भजनी मंडळात जा म्हटलं, माझ्या मिरच्या काही टाळ नाहीत.

मग एक दिवस तो लांब बांबू घेऊन आला. कुंपणाबाहेर उभा राहून, बांबूच्या टोकाला सुतळीचा फास करून त्याने तो पल्ला ओढून गजाला बांधला. अर्धी दुपार गेली त्यात. गल्लीतली पोरं टाळ्या पिटत होती. पल्ला वाजायचा थांबला. मी म्हटलं, सुटलो बुवा. आत जाऊन तो मागावर बसला, आणि माझी शेरभर मिरची कुटून होण्याआधी पुन्हा दारात.

"आता काहून उठले?"

"आता वाजून नाही राहिलं ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच बांबूने त्याने सुतळी सोडली. पल्ला पुन्हा आपटायला लागला. मी कपाळावर हात मारला.

त्याचं कारण मला नंतर समजलं. खरं तर पूर्वी कानावर रोजच पडत होतं. कवडू होता तेव्हा दोन्ही घरांतले माग दिवसभर चालायचे. मधल्या भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. दोघांचं पटत नव्हतं. पागोळ्यांच्या पाण्यावरून, नालीवरून, बकरीवरून भांडण. सणाला एकमेकांकडे जाणं नाही. पण मागावर बसले, की एकाचा हात दुसऱ्याच्या हाताला धरून चालायचा. याची खटक, त्याची खट. दुपारच्या चहाला जो आधी थांबेल तो धोट्याने भिंतीवर दोनदा ठोकायचा. पलीकडून दोनदा उत्तर यायचं, आणि दोन्ही माग थांबायचे. मग दोघं आपापल्या चुलीवर आपापला चहा करून प्यायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. गल्लीचं घड्याळच ते. आता भिंतीपलीकडून आवाज येणारा तो पल्लाच उरला होता.

पुढे बँकेने लिलाव काढला आणि लोक घर पाहायला यायला लागले. मला वाटलं, डोमाजी आता पेढे वाटेल. सुनेला सासरचं माणूस आलं. पण तोच आडवा यायला लागला. येईल त्याला कुंपणाशी गाठायचा आणि नम्रपणे सांगायचा की घर चांगलं आहे, फक्त आत सापाची जोडी राहते. नळ आहे, पाणी येत नाही. भिंत आहे, ती माझी आहे. एकदा नवराबायको आले, चांगले मास्तर वाटत होते. त्यांना म्हणाला, "बाकी सारं ठीक हाय. समोर एक बाई राह्यते, तेवढं संभाळा. दिवसभर तिखट कुटते, डोळे जाते माणसाचे. अन् तोंडाले तं कोणी लागतच नाही."

हे ऐकून मी मुसळ हातात घेऊन तशीच ओट्यावरून उतरले, विचारायला. त्यांनी मला पाहिलं आणि डोमाजीचं म्हणणं त्यांना पटलं.

ते गेल्यावर मी त्याला धरला. "काहून गा, इतके दिवस बँकेच्या नावानं बोंब मारली. आता सून नांदाले जाऊन राहिली, तं तुम्हीच आडवे पडता?"

तो टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "कवडू येईन ना, वैनी."

"कशावरून?"

"शेव ठेवून गेला हाय तो."

हे विणकराच्या घरातल्यालाच समजेल, म्हणून सांगते. लुगडं विणून झालं, की विणकर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे पुरते कापून काढत नाही. त्यांची टोकं मागाच्या फणीत तशीच अडकवून ठेवतो. त्यालाच शेव म्हणतात. नवा ताणा आला, की त्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला जोडायचा आणि पुढे विणायचं. शेव कापून टाकणं म्हणजे आता मी विणणार नाही असं म्हणणं. कवडू घर सोडून निघाला, त्या सकाळी त्याने शेवटचं लुगडं कापलं, आणि शेव ठेवली. डोमाजीने ते दारातून पाहिलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस बँकेशी झुंजत होता. घर रिकामं ठेवायचं, तर बँकेने विकायला नको. पडू द्यायचं नाही, तर बँकेने सांभाळायला पाहिजे. दोन्ही एकदम.

मी म्हटलं, धाग्याच्या टोकावर माणूस परत येत नाही. तो घरात गेला, आणि लगेच बाहेर आला.

शेवटी इतवारीतला एक धान्याचा ठोक व्यापारी आला. त्याला राहायचं नव्हतं, गोदाम पाहिजे होतं. त्याला सापाचं भय नव्हतं, नळाचं काम नव्हतं, आणि माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. डोमाजीने सगळं सांगून पाहिलं. व्यापारी पान चघळत ऐकत राहिला आणि म्हणाला, अच्छा.

बँकेच्या माणसाने पंचांसमोर शिक्का फोडला. मला कोणी पंच केलं नव्हतं, मी आपली गेले. डोमाजी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्याच्या आत आला, तेही चपला काढून. आत ओला, कुबट वास. भिंतीला वाळवी. मागाच्या खड्ड्यात काळं पाणी साचलेलं. आणि माग उभा. एका बाजूचे धागे उंदरांनी कुरतडलेले, बाकीची शेव फणीत तशीच, धुळीने करडी झालेली.

व्यापाऱ्याने आपल्या माणसांना सांगितलं, हे लाकूड फोडा, खड्डा भरून घ्या, उद्या पोती येतील.

बँकेच्या पायऱ्यांवर तास-तास बोलणारा माणूस, तो फणीपाशी उकिडवा बसला. मग बँकेच्या माणसाला म्हणाला, "साहेब, एवढी फणी घेऊ का?"

तो साहेब त्याला चांगला ओळखत होता. म्हणाला, "न्या हो. फक्त बँकेत आणू नका."

डोमाजीने खांद्यावरचा दुपट्टा अंथरला, धागे न सुटू देता फणी काढली आणि बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तशी गुंडाळून बाहेर आणली. माझ्या तोंडावर एक टोमणा आला होता. तो मी गिळला.

दुसऱ्या सकाळी त्याने चूळ भरली आणि काही न बोलता आत गेला. मग टोपी घालून, दुपट्ट्याचं गाठोडं घेऊन सावनेरच्या गाडीला निघाला. कुठे म्हटलं, तर "ज्याचं त्याले."

दिवे लागायच्या वेळी परत आला. गाठोडं काखेतच.

"भेटला का कवडू?"

भेटला होता. पापण्यांवर कोळसा होता, पण त्याने डोमाजीला ओळखलं. चहा पाजला. फणी हातात घेतली, धागे अंगठ्याने मोजल्यासारखे फिरवले. मग म्हणाला, भाड्याची खोली हाय डोमाजी, मालक खड्डा खंदू देत नाही. तुमच्यापाशीच राहू द्या.

हे सगळं डोमाजीने मला माझ्या उखळाकडे पाहत सांगितलं, आणि घरात जाऊन दार लोटलं.

त्यानंतर त्याचं आत-बाहेर बंद झालं. लोकांना वाटलं आजारी पडला. मी भाकरी द्यायच्या निमित्ताने डोकावले. शेठचं ते रखडलेलं लुगडं विणून दिलेलं होतं. आता आपल्या मागावर त्याने कवडूची फणी चढवली होती आणि आपल्या नव्या ताण्याचा एकेक धागा कवडूच्या शेवेला जोडत होता. कुरतडलेल्या बाजूला जुने धागे आखूड होते, तिथे मधे तुकडे देत होता. मान वर केली नाही. भाकर ठेवा म्हणाला.

मग एका दुपारी आवाज आला. खटक-खट, खटक-खट. मधे न थांबता. मी भिवापुरी मिरची कुटत होते, नाकातोंडाला पदर बांधून. चहाच्या वेळेला माग थांबला. आणि मग धोट्याने भिंतीवर ठोकलेलं ऐकू आलं. दोनदा.

भिंतीपलीकडे गव्हाची पोती. पोती काय बोलणार.

ना माग सुरू झाला, ना चुलीवर भांडं वाजलं. पलीकडच्याने धोटा खाली ठेवून उत्तर द्यावं, तेवढा वेळ गेला. तेवढाच आणखी गेला. मला त्या शांततेत मिरची कुटवेना. मी काही कनवाळू बाई नाही. पण मुसळ हातातच होतं. मी ते उखळाच्या काठावर मारलं. दोनदा. आणि थांबले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"कवडू इतका उशीर नव्हता लावत, वैनी."

आणि त्याने चुलीवर चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला.