टेबलाखालचा राजा

जुलैतल्या नाटकात यंदा नायक मीच, हे मी जानेवारीतच जाहीर करून टाकलं होतं. अर्थात फक्त घरात!

कलकत्त्यातल्या आमच्या फ्रेंच क्लबात मी, बँकेच्या बदलीवर आलेला, एकटाच मराठी माणूस. तीन वर्षांत तीन नाटकं केली. पहिल्यात प्रेत, दुसऱ्यात ट्रे घेऊन येणारा मुका वेटर आणि तिसऱ्यात बढती मिळून आंधळा भिकारी. तोही मुकाच! "चारु, तुझ्या फ्रेंचला मराठी वास येतो," असं अध्यक्ष मित्रदा म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या फ्रेंचमधला एकेक स्वर पुचक्यासारखा, म्हणजे इथल्या पाणीपुरीसारखा, टम्म फुगलेला असतो, ते सोडा.

पण जानेवारीत क्लबात 'गालेत' कापतात. गालेत म्हणजे बदामाचं सारण भरलेला, पापुद्रे सुटणारा गोल केक. त्यात चिनी मातीची चिमुकली बाहुली लपवायची. जिच्या किंवा ज्याच्या तुकड्यात ती निघेल, ती राणी किंवा तो राजा. आणि आमच्या क्लबाचा जादा नियम असा, की राजाने त्या वर्षीच्या नाटकातली मुख्य भूमिका करायची, समोरचं पात्रही त्यानेच निवडायचं!

वशिलेबाजी नको म्हणून कोणता तुकडा कोणाला, हे सर्वांत लहान सभासदाने टेबलाखाली बसून सांगायचं. फ्रान्समध्ये हे काम घरातलं शेंडेफळ करतं. आमच्या क्लबातलं शेंडेफळ मी. वय वर्षं त्रेपन्न.

"म्हणजे टेबलाखालून नावं तुम्हीच पुकारणार?" माझ्या बायकोने, शकुनने विचारलं.

"आणि वर केक तू कापणार!" मी म्हणालो. "करायचाही आपणच. मागून घेतलाय मी."

"वा! म्हणजे मीच!"

पण बायको हुशार. साटा लावून करंजीची पारी लाटतात तसे तिने पापुद्रे काढले. बाहुली गेल्या वर्षी मित्रदांनी गिळली होती, म्हणून पूजेतली सुपारी घातली आणि त्या जागी कडेला काट्याने खूण केली. बेत सोपा होता. सुरी त्या तुकड्यापाशी आली की शकुन मला पायाने ढोसणार, मी ओरडणार, "मला!"

शनिवारी एस्प्लनेडमागच्या हॉलमध्ये मी टेबलाखाली शिरलो. शिरलो म्हणजे सगळ्यांनी मिळून मला कोंबलं. होल्डॉल बांधावा तसं! आत पायांचं नुसतं जंगल.

वरून नीलिमादी म्हणाल्या, "हा कोणाला?" या ऐंशी वर्षांच्या निवृत्त फ्रेंच शिक्षिका. त्यांच्या आवाजाला अजून अख्खा वर्ग उभा राहील.

पाठीत सणसणीत लाथ बसली.

"मला!" मी गर्जलो.

"आरे बाबा, आधी पाहुण्यांना तरी विचार!" मित्रदा हसले.

"बरं, हा कोणाला?"

पुन्हा लाथ! तिसऱ्या तुकड्यालाही लाथ! मी कशीबशी मान वळवली. पाय मित्रदांचा! बसल्या बसल्या शिलाई मशीन चालवल्यासारखा पाय हलवायची सवय आहे त्यांना. टेबलाशी बसणाऱ्याला हे कुठून कळणार!

"मित्रदांना... नीलिमादींना..." मी रडव्या आवाजात नावं घेत गेलो. आणि एकाएकी बरगडीत काहीतरी टोकदार रुतलं. जोडवं! त्या अख्ख्या हॉलमध्ये जोडवी घातलेलं पाऊल एकच. आणि माझं नाव तर केव्हाच खर्ची पडलेलं!

"चारु, झोपलास का रे?"

शेवटी मी बँकेतला माणूस. म्हटलं, खातं जॉइंट आहे.

"शकुनला!"

बाहेर यायला वळलो तर कमरेत उसण भरली. त्यामुळे पुढचा राज्याभिषेक मी ऐकला फक्त. टाळ्या झाल्या, "राणी! राणी!" झालं, सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट चढला.

"पण मी सभासद नाही हो!" शकुन म्हणाली. भाजीवाल्यांशी भांडून कमावलेलं तिचं बंगाली माझ्या फ्रेंचपेक्षा कितीतरी अस्सल आहे.

"जी टेबलाशी ती राणी," नीलिमादींनी निकाल दिला. "नायिका तूच. आता नायक निवड."

मी टेबलक्लॉथखालून हात बाहेर काढून वर केला.

"मित्रदाच बरे," शकुन म्हणाली.

हात खाली आला.

"मला फ्रेंचचं एक वाक्य येत नाही," ती पुढे म्हणाली, "पण ह्यांचा आवाज खालून किती स्पष्ट येतो! हे टेबलाखालून सांगतील, मी वर म्हणेन."

"दारुण!" मित्रदा आनंदाने ओरडले. बंगालीत म्हणजे 'फारच छान!' पाठोपाठ मला आणखी एक लाथ बसली.

तालमी जोरात चालू आहेत. नायिकेची, नायकाची, सासऱ्याची, सगळ्यांची सगळी वाक्यं यंदा मीच बोलतो, तीही सर्वांच्या आधी! फक्त रंगमंचावरच्या टेबलाखाली बसून, कुजबुजत. मराठी वास पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही, असं मित्रदा कौतुकाने सांगतात.

शकुन वाक्य विसरली की मला खूण करते. जोडव्याने.