गुरुजींची चूळबंदी

राजूरमध्ये भीमराज गुरुजींशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, आणि शहाण्णव साली तर मुळीच नाही! कारण त्या साली त्यांची माधुरी दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. भावकीत मॅट्रिक झालेले गुरुजी पहिले, आणि आता लेक थेट पांढऱ्या कोटात! गुरुजी चालायला लागले की आधी छाती पुढे जायची, मग गुरुजी.

त्यातच तिचं पत्र आलं. 'येत्या रविवारी आमच्या मॅडम राजूरच्या शाळेत दात तपासायचं शिबिर घेणार आहेत. मीही येतेय. आणि पप्पा, पेस्टनं दात घासले की नुसतं थुंकत जा, चूळ भरू नका. पेस्टमधलं औषध दातांवर राहू द्यावं.'

गुरुजींनी ते पत्र किराणा दुकानात वाचलं, एसटी स्टँडवर वाचलं, आणि सोमवारच्या बाजारात तर भोंग्यावरून आरोळीच दिली, "दात घासा, थुंका, पण चूळ भरायची नाही! माझ्या मुलीनं सांगितलंय! डॉक्टर माधुरीनं!"

सरपंच पुंजारामांनी डोकं खाजवलं. "गुरुजी, आमी कोळशाची राखुंडी लावतो. तीबी तोंडातच ठिवायची का?"

"सरपंच, शास्त्र सगळ्यांना सारखंच! तोंडातच ठेवायची!"

पत्रातला पेस्ट हा शब्द अभिमानाच्या भरात कुठं गळाला, ते गुरुजींनाही कळलं नाही. घरी त्यांची आई भागिरथी मिश्री, म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू, हिरड्यांवर चोळत बसली होती.

"आन् माझी मिसरी रं भीमा?"

"आई, डॉक्टर तुझी नात आहे का मी?"

म्हातारीचा चेहरा उजळला. "नातीनं सांगितलंय व्हय? मंग डॉक्टर सांगंल तवर चूळ भरायची न्हाई!"

रविवारी गुरुजींनी स्वागताचं भाषण म्हणत म्हणत दात घासले, कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा चढवला आणि शाळेत जाऊन उभे राहिले. जीप आली. मॅडम उतरल्या, मागोमाग पांढऱ्या कोटातली माधुरी. गुरुजींचे डोळे भरून आले. एवढा आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता!

व्हरांड्यात आख्खा गाव रांगेत बसला होता. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले.

"नमस्कार मंडळी!" मॅडम म्हणाल्या.

कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांनी नुसते हात जोडले.

"बोलत का नाहीत हे?"

"शिस्त, मॅडम! शिस्त!" गुरुजी म्हणाले.

पहिले सरपंच खुर्चीत बसले. मॅडमनी बॅटरी मारली. आत तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट अंधार! दुसरा आला, तोही काळा. तिसऱ्या मुक्ताबाई. त्यांना मिश्रीची घेरी आली होती. त्या खांबाला धरूनच म्हणाल्या, "बाई, तेवढं थुकू द्या वो!"

"अरे देवा, सगळ्या गावाला एकच रोग?" मॅडमनी वही काढली.

माधुरीनं वाकून पाहिलं. "मॅडम, रोग नाही. ही राखुंडी आहे. आणि ही मिश्री."

"मग चूळ का नाही भरली यांनी?"

सरपंच अभिमानानं उठून उभे राहिले. "माधुरीताईची ऑर्डर हाय! चूळ भरायची न्हाई!"

मॅडमनी चष्मा काढला आणि माधुरीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढऱ्या कोटाहून पांढरा पडला. शेवटच्या वर्षाचे मार्क याच मॅडमच्या हातात होते! छाती आत घेऊन गुरुजी पुढे झाले.

"मॅडम, तिनं पेस्टचंच लिहिलं होतं. पेस्ट मी गाळली. चूक तिची नाही, माझी आहे."

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"बावीस वर्षं शिबिरं घेतेय. माझा नवरासुद्धा माझं ऐकत नाही! आणि या मुलीच्या एका शब्दावर आख्ख्या गावानं तोंडात कोळसा धरला? माधुरी, यापुढची शिबिरं तूच घ्यायची!"

गुरुजींची छाती दुपटीनं बाहेर आली.

"आणि गुरुजी, नियम सगळ्यात आधी तुम्हीच पाळला असेल!"

गुरुजींनी उत्तराला तोंड उघडलं. पण रांगेतून भागिरथीबाईंचा काळा जबडा त्यांच्या आधी उघडला.

"ह्यानं? मोरीत तीन डाव खळाखळा चूळ भरली! इचारलं, तर म्हनला, भाषन करायचं हाय!"

आख्खा व्हरांडा गुरुजींकडे वळला. भाषण खिशातच राहिलं. बादली आणि तांब्या घेऊन गुरुजींनी रांगेतल्या एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतलं. लोक चुळा भरत होते आणि गुरुजींकडे बघून मान हलवत होते. सगळ्यात शेवटी आई राहिली.

"आई, भर आता चूळ."

"तुझं न्हाई ऐकायची. डॉक्टर सांगंल तवा!"

गुरुजींनी मुकाट्यानं लेकीला बोलावलं. माधुरी धावत आली, तिनं तांब्या हातात घेतला. "आजी, भर चूळ."

म्हातारीनं नातीला डोळे भरून पाहिलं आणि गाल फुगवून खळाळून चूळ भरली. मग दिली सोडून, गुरुजींच्या पांढऱ्या लेंग्यावर!