तीन मसुदे आणि एक पिशवी

हेडक्लार्क सकाळी फिरून परत आले आणि फाटकापाशीच थबकले. त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात, त्यांनी न टाकलेली काळी पिशवी पुन्हा बसली होती.

"म्हणजे आज शनिवारीसुद्धा!" ते डब्यालाच म्हणाले.

आठवडाभर हा छळ चालू होता. डबा त्यांचा. त्यावरचा घराचा आकडा त्यांनी स्वतः रंगवलेला. कचऱ्याची गाडी दर शनिवारी सकाळी यायची, म्हणून घरचा कचरा शनिवारी, गाडीच्या अर्धा तास आधी, स्वतःच्या हाताने डब्यात टाकायचा आणि एरवी डबा धुऊनपुसून रिकामा ठेवायचा, हा त्यांचा नियम. आणि त्या लख्ख डब्यात रोज पिशवी कुणाची, तर समोरच्या घरातल्या मोठ्या बाईंची! त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाई रस्ता ओलांडून आल्या, झाकण उचललं, पिशवी सोडली आणि हात झटकत परत गेल्या. चोर तर चोर, वर शिरजोर!

दुसरं कोणी असतं तर हेडक्लार्कांनी तिथल्या तिथे खडसावलं असतं. पण मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि त्याच शाळेत हेडक्लार्कांची बायको अकरा वर्षं हंगामी चित्रकला शिक्षिका होती. यंदा ती कायम व्हायची होती. बाईंची शिफारस सोमवारच्या आत वर गेली की झालं. बायकोने आधीच दम भरला होता, "तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही. मी अकरा वर्षं काढलीत, तुम्ही चार दिवस काढा."

म्हणून त्यांनी बिनबोभाट उपाय शोधला होता. डब्यात पिशवी दिसली की तोंड फिरवून, दोन बोटांत धरून ती समोरच्या पायरीवर नेऊन ठेवायची. ज्याचं त्याला. पण बाई इतक्या कोडग्या, की दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा डब्यात हजर!

आजही त्यांनी वरची पिशवी उचलली, पायरीवर ठेवली आणि शीळ घालत घरात आले. आले ते थेट टेबलापाशी. टेबल चकचकीत होतं.

"अगं, इथले कागद कुठे गेले?"

"कुठले? ते चुरगळलेले? टाकले." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "गाडीची वेळ झाली, तुमचा पत्ता नाही. म्हटलं आज मीच पिशवी भरते आणि मीच टाकून येते."

"तू? डब्यात? पंचवीस वर्षांत कधी डब्याला हात लावलास?"

"म्हणून काय आजही लावू नये?"

हेडक्लार्क मटकन खुर्चीत बसले. पत्र एकदम लिहायचं नसतं, ही त्यांची कचेरीतली शिस्त. पहिल्या मसुद्यात राग ओकायचा, दुसऱ्यात पुरावे मांडायचे, तिसऱ्यात सूर खाली आणायचा आणि चौथ्यात 'नम्र विनंती' करायची. भलीभली प्रकरणं त्यांनी अशी थंड केली होती. बायकोची नेमणूक झाल्यावर मोठ्या बाईंना द्यायचं पत्रही त्यांनी तसंच मुरवत ठेवलं होतं. चौथा मसुदा खिशात होता. पहिले तीन...

"ती पिशवी मी मोठ्या बाईंच्या पायरीवर ठेवून आलो," ते कसंबसं म्हणाले.

"अरे देवा! का?"

"मला वाटलं त्यांचीच."

"मग उचलून आणा. त्यात एवढं काय?"

"त्यात पहिला मसुदा आहे."

"काय लिहिलंय त्यात?"

हेडक्लार्कांनी सांगायला सुरुवात केली. पोरांना स्वच्छतेचे धडे देणाऱ्या बाईंचा शेजारधर्म, बाईंची बदकासारखी चाल, इथवर बायकोने ऐकून घेतलं. पण 'आपले डोके हा एक रिकामा डबा हाताशी असताना आपणास माझा कशाला लागतो?' हे वाक्य आलं तेव्हा तिने भिंतीचा आधार घेतला.

"अहो, माझे सगळे अर्ज तुमच्या अक्षरातले आहेत! बाई झोपेतसुद्धा ओळखतील! अकरा वर्षं... अकरा वर्षं मी सुट्टीतसुद्धा त्यांच्या भिंती रंगवल्या हो!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसे हेडक्लार्क ताडकन उठले आणि खिडकीशी गेले. समोरची पायरी रिकामी होती.

"नेली वाटतं आत," ते म्हणाले.

"जा! हातापाया पडा, काय वाट्टेल ते करा, पण ती पिशवी आणा!"

मोठ्या बाईंनी दार उघडलं ते हातात लाल पेन घेऊन. मागे टेबलावर कागदांचा ढीग. हेडक्लार्क उंबऱ्यातूनच त्यात आपलं अक्षर शोधू लागले.

"या, बसा," बाई म्हणाल्या. "काय एकेक लिहितात हो! वाचून डोकं फिरलं माझं. मी म्हणते, लिहिताना जनाची नाही, निदान मनाची तरी?"

हेडक्लार्क खुर्चीच्या टोकावर टेकले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाई, माणूस रागाच्या भरात लिहितो. मनात तसं काही नसतं. ते डोक्याबद्दलचं तर मुळीच नव्हतं."

"राग?" बाईंनी चष्मा वर केला. "मांजरावर कसला आलाय राग? हे ऐका. 'मांजराला चार पाय असतात, पैकी दोन मागे राहतात.' नववीतली मुलं ही! 'माझा आवडता प्राणी' दिला होता निबंधाला."

हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच. पिशवी अजून कुठेतरी होती.

"बाई, ते... तुमच्या पायरीवर मघाशी एक पिशवी..."

"तुम्हालाही दिसली ना!" बाई उसळल्या. "कोण मेला रोज माझ्या दारात कचरा ठेवून जातो, देव जाणे! माझ्या डब्याचं झाकण मोडलंय. त्यात टाकली तर कुत्री फोडून रस्ताभर करतात. म्हणून मी आपली उचलते आणि तुमच्या डब्यात नेऊन टाकते. गल्लीत घट्ट झाकण एक तुमचंच."

"उघडून... बघत नाही?"

"शी! दुसऱ्याची घाण कोण उघडून बघणार? आत्ताचीही तशीच टाकून आले. माझी स्वतःची म्हणाल तर एकच टाकली होती, गेल्या रविवारी, झाकण मोडलं तेव्हा. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. रागावला नाहीत ना?"

हेडक्लार्कांनी बोटांवर दिवस मोजले. म्हणजे आठवडाभर एकच पिशवी! ती बाईंनी इकडे टाकायची, यांनी तिकडे ठेवायची.

तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. हेडक्लार्क "आलोच!" म्हणत धावले. गाडीवाल्याने त्यांचा डबा उचलला होता. आत दोन पिशव्या होत्या, वर बायकोने भरलेली आणि खाली ती आठवडाभर येजा करून दमलेली. दोन्ही धप्पकन गाडीत पडल्या, मागचा दांडा खाली आला आणि तिन्ही मसुदे चेपले गेले. आयुष्यात इतकं सुंदर दृश्य त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अहो," मोठ्या बाई दारातून ओरडल्या, "मिसेसना सांगा, शिफारस कालच सहीनिशी गेली! आणि तुमच्या डब्याचं..."

"डबा तुमचाच समजा!" हेडक्लार्क मनापासून म्हणाले. "हवा तेव्हा वापरा!"

घरी बायको आधी हसली, मग रडली, मग दोघांनी दोन कप चहा सलग प्यायला. चहा संपला तशी ती म्हणाली, "आणि तो चौथा?"

हेडक्लार्कांनी खिशातून नम्र विनंती काढली आणि तिचे बारीक तुकडे केले. पण टाकायचे कुठे? गाडी गेली होती. आपल्या डब्यात टाकले तर आठवडाभर पडून राहणार, आणि आता तर बाईंना खुली परवानगी दिलेली. उगाच विषाची परीक्षा कोण घेणार?

तुकडे मुठीत धरून ते दोन गल्ल्या चालत गेले. एका अनोळखी घरापुढचा डबा त्यांना पसंत पडला. झाकण उचललं, मूठ सोडली आणि हात झटकले.

"ओ काका!" वरच्या खिडकीतून एक बाई कडाडली. "तुमच्या घरी डबा नाही का?"

"आहे की!" हेडक्लार्क हसून म्हणाले. "पण तो आमच्या शेजारणीला लागतो!"