खाशा टाळूवरील सुयांच्या स्वारीची हकीकत

समस्त केशवंत व केशहीन मंडळींस विदित व्हावे. चौकातील सलूनचे धनी, कात्रीबहाद्दर, वस्तरानवीस, राजमान्य दादासाहेब यांचे खाशा टाळूवर जे परचक्र आले आणि ते कैसे निवारिले, ते यथास्थित लिहितो. ज्यांचे मस्तकी अद्याप दाटी आहे त्यांनी हसू आवरून वाचावे. कोणावर कधी वेळ येईल याचा नेम नाही.

दादासाहेब हुन्नरात बेजोड. परंतु टक्कल हे घराण्याचे वडिलार्जित वतन. तीर्थरूप आणि आजेसाहेब उभयता त्याचे धनी. दादासाहेबांचेही कपाळ मागे सरत गेले आणि टाळूवर शत्रूने ठाणे बसविले, आणि सलूनात चहूकडे आरसे, तेणेकरून खुर्चीत बसले ते गिऱ्हाईक ठाण्याची पाहणी करी. मग एके दिवशी एक मास्तर भर दरबारी वदले, "स्वतःचं राखता आलं नाही, माझं काय राखणार?" सारे हसले. दादासाहेबही हसले, परंतु कात्री घसरली आणि मास्तरांचे कल्ल्याची खराबी जाहली. मग मास्तर समोरचे सलूनात दाखल, आणि मागोमाग गिऱ्हाइकांची बरीच शिबंदी फितूर. धंद्याची अब्रू धोक्यात आली.

मग कबिल्यासमवेत मसलत जाहली. वहिनीसाहेब म्हणाल्या, "मला तुम्ही असेच चालता. पण तुम्हालाच चालत नाही ना? मग जा एकदाचे डॉक्टरकडे."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मुलूख न्याहाळून फर्माविले की, मुळे मेली तेथे इलाज नाही, निजली आहेत ती उठवून पाहू. मग बधिरीचे मलम लावून मायक्रोनीडलिंगची, म्हणजे बारीक सुयांची, फौज टाळूवर फिरली, आणि त्या छिद्रांवाटे ग्रोथ फॅक्टर नामे केस वाढविणारी रसद आत रवाना जाहली. मग सक्त हुकूम सुटला की, आजचा दिवस टाळूस काहीएक लावू नये. दादासाहेबांनी मान डोलविली.

परंतु हाताची सवय कोणाचा हुकूम मानते? सलूनी येऊन आरशात पाहतात तो टाळूवर रक्ताचे ठिपके. जन्मभर गिऱ्हाइकाचे गाली रक्त दिसताच जो हात तुरटीकडे जाई, तो आताही गेला, आणि ओली तुरटी खाशांनी खाशांचे टाळूवर खसाखसा फिरविली. मग जी किंकाळी उठली, तेणे समोरचे सलूनातील वस्तरे जागीच थबकले. वहिनीसाहेब धावत आल्या. "अहो, ती दाढी आहे का?" म्हणोन तुरटी हिसकावून घेतली आणि दादासाहेबांस पंख्याखाली बसविते जाहल्या. डॉक्टरीणबाईंनी वर्तमान ऐकून आधी हसून घेतले, मग रागे भरल्या, आणि पुढील स्वाऱ्यांस वहिनीसाहेबांस पहाऱ्यास आणावे ऐसे ठरले.

पुढे स्वाऱ्या बहुत जाहल्या. हळूहळू लव उमटली, मग केस. दाट म्हणावे ऐसे नव्हे. शत्रू मुलूख सोडोन गेला नाही, दोन पावले हटला, इतकेच. लिहिणाराने खोटे का लिहावे? ते केस वहिनीसाहेब घरी स्टुलावर बसवून स्वहस्ते कापीत, आणि ऐशा खुबीने की विरळपण दिसोन येऊ नये.

मग एके सकाळी, शहरात नवे आलेले बँकेचे एक साहेब खुर्चीत बसले. आरशात दादासाहेबांकडे बराच वेळ पाहोन पुसते जाहले, "तुमचे केस कोण कापतं हो?"

हा सवाल दादासाहेबांस आजवर कोणी केला नव्हता. "बायको," इतकेच बोलले.

"मग त्यांनाच बोलवा की!"

वहिनीसाहेब आल्या आणि त्या दिवसापासून सलूनात कात्री धरित्या जाहल्या. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फितूर शिबंदी परत आली, मास्तरही आले, आणि सारे वहिनीसाहेबांचे खुर्चीपुढे रांग धरोन बसले. दादासाहेब शेजारी उभे राहोन फडके झटकितात, आणि मधून मधून आरशात पाहोन केसांवरून हात फिरवितात.