दहा मुलांमागे एक शिक्षक मोफत

प्रवासाने माणूस शहाणा होतो, हे सर्वमान्य सत्य आहे. मात्र प्रवासाचे पैसे कुणी भरले म्हणजे कोण शहाणा होतो, याचा खुलासा आजवर झालेला नव्हता. तो आमच्या मुलीच्या शाळेने केला, आणि म्हणून त्या शाळेबद्दल मला नितांत आदर आहे.

खुलासा असा. दहा विद्यार्थ्यांनी परदेश सहलीचे पैसे भरले की सहल कंपनी एका शिक्षकाला फुकट नेते. म्हणजे दहा मुले मिळून एक शिक्षक शहाणा करतात. गुरूचे ऋण फेडण्याची याहून सुटसुटीत पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

यंदा दोघांना शहाणे व्हायचे होते. एक भूगोलाचे सर. उभा जन्म वर्गात नकाशे टांगण्यात गेल्यामुळे मुले त्यांना 'नकाशे सर' म्हणतात. दुसऱ्या पीटीच्या बाई, ज्यांनी बर्फात घालायचा कोट आधीच घेऊन ठेवला होता. विकलेला कोट परत घेणार नाही असे दुकानदाराने बजावल्यामुळे सहल निघणे शैक्षणिकदृष्ट्या अपरिहार्य झाले. वीस मुले हवी होती, एकोणीस जमली. विसावी आमची.

सहलीचे नाव 'सेवा सहल'. मौजमजेच्या सहली आता मागे पडल्या, असे परिपत्रकात म्हटले होते. नव्या पद्धतीत मुले परदेशी जाऊन एखाद्या गरजू कुटुंबाच्या घराची भिंत रंगवतात. त्यामुळे त्यांना (अ) गरिबी जवळून पाहायला मिळते, (आ) ब्रश धरता येतो आणि (इ) प्रमाणपत्र मिळते. अशा सहलीहून परतलेल्या ब्याण्णव टक्के मुलांमध्ये करुणा वाढल्याचे आढळले आहे. उरलेल्या आठ टक्क्यांना तिथले पाणी बाधले. (पाहणी खुद्द सहल कंपनीनेच केलेली असल्याने आकड्यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही.)

मुलीला जायचे होते. ती हट्टी नाही, तीच पंचाईत. हट्ट केला असता तर मी ओरडून मोकळा झालो असतो. तिने एकदाच विचारले, "बाबा, आपल्याला जमेल का?" आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "नाही जमलं तरी चालेल." हे ऐकून ज्या बापाला शांत झोप लागते त्याच्याबद्दल मला कुतूहल आहे. मला लागली नाही.

मी पाणीपट्टीच्या कार्यालयात कारकून आहे. सहलीचे शुल्क म्हणजे माझा वर्षाचा पगार, अधिक मी न केलेला ओव्हरटाइम. तेव्हा पहिल्या हप्त्यासाठी आम्ही स्कूटर विकली. चालणे तब्येतीला बरे, असे बायको म्हणाली. दुसऱ्यासाठी वॉशिंग मशीन गेले. हाताने धुतले की कपडे टिकतात. मग सोफा गेला, कारण जमिनीवर बसल्याने पाठ ताठ राहते. फ्रिज गेला तेव्हा शिळे खाणे वाईटच, यावर आमचे एकमत झाले. महिन्याभरात घरात आरोग्याशिवाय काही उरले नाही. शेवटचा हप्ता मात्र बाकी होता, आणि आरोग्याला बाजारात भाव नाही.

अशा वेळी नकाशे सर स्वतः घरी आले. बसायला काही नसल्याने ते सतरंजीवर बसले. त्यांनी रिकाम्या भिंती पाहिल्या, फ्रिजच्या जागी उरलेला चौकोनी डाग पाहिला, आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले की सहल कंपनीची एक परस्पर योजना आहे. तिकडच्या शाळेची मुलेही इकडे सेवा करायला येतात. ज्या घराची सेवा होते, त्याला शेवटचा हप्ता माफ. आजवर अडचण एकच होती : गरजू कुटुंब मिळत नसे. शाळेत सगळे पालक ऐपतीचे. गेल्या वर्षी एका वकिलाच्या घराला गरीब व्हायला सांगितले होते. त्यांनी एसीवर चादर टांगली, पण पाहुण्यांपैकी एका मुलाला उशीखाली रिमोट सापडला आणि त्याची करुणा जागच्या जागी थांबली.

"तुमच्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही," सर भारावून म्हणाले. "अभिनंदन."

खोटे कशाला बोलू, मला अभिमान वाटला. शाळेत आमच्या घराची पहिल्यांदाच कशासाठी तरी निवड होत होती.

एकच त्रुटी निघाली. आमची पुढची भिंत दोनच वर्षांपूर्वी रंगवलेली, पिस्ता रंगाची, अगदी टवटवीत. शाळेच्या शिपायाने येऊन ती खरवडून दिली. (मजुरी आमच्याकडे; तिला पात्रता शुल्क म्हणतात.) शिवाय सूचना अशा की कुटुंबाने हसतमुख असावे, परंतु रंगकाम सुरू होण्यापूर्वी हसू नये, गृहिणीने पाणी देताना पेले वेगवेगळ्या आकाराचे वापरावेत, आणि गृहस्थाने वर्तमानपत्र वाचू नये, कारण त्याने चित्र बिघडते.

पाहुणे आले. वीस मुले आणि दोन शिक्षक. त्यांचे मुख्य शिक्षक कॅमेरा घेऊन सावलीत उभे राहिले. नकाशे सरही सावलीत गेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण बोटे दाखवून 'दहामागे एक' एवढे दोघांनी सांगितले आणि मग कडकडून मिठी मारली. पोरे मात्र मनापासून राबली. त्यांना नावे ठेवण्यासारखे काहीच नव्हते. दातांना तारा लावलेल्या एका मुलीने माझ्या पायावर डबा सांडला आणि रडूच लागली. मी तिची समजूत काढली. जाताना बायकोच्या हातात एक साबणवडी ठेवण्यात आली. ती घेताना तिने सूचनेप्रमाणे स्मित केले.

ती तारावाली आणि आमची मुलगी शेजारी शेजारी रंगवत होत्या. दोघींची मोडकीतोडकी इंग्रजी एकाच पातळीची, त्यामुळे गप्पा रंगल्या. तारावालीच्या बाबांनी या सहलीसाठी गाडी विकली होती. नंतर सोफा. आता तेही जमिनीवर बसत होते आणि तिची आईही म्हणत होती की पाठीला बरे असते. परवाच त्यांच्या घराची भिंत खरवडून झाली, कारण पुढच्या महिन्यात कुठल्याशा देशातली वीस मुले ती रंगवायला येणार होती. पुढच्या महिन्यात तिकडे जाणारी वीस मुले म्हणजे आमच्याच शाळेची, हे आमच्या मुलीच्या लगेच ध्यानात आले.

तिने ब्रश खाली ठेवला आणि सरळ सावलीत गेली.

"सर, मी तिची भिंत रंगवायला कशाला जाऊ? ती तिची रंगवेल, मी आमची रंगवते. आमची स्कूटर परत आणता येईल. तिच्या बाबांची गाडीपण."

नकाशे सर रागावले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळ, विचार चांगला आहे," ते म्हणाले. "पण यात शिक्षक कुठे आहे?"

त्याच संध्याकाळी पालकसभा झाली. तिथे क्रमाक्रमाने पुढील गोष्टी सिद्ध करण्यात आल्या. एक मुलगी गळाली तर एकोणीस उरतात. एकोणिसांमागे एकच शिक्षक मिळतो. एकच शिक्षक म्हणजे निष्काळजीपणा. निष्काळजीपणा म्हणजे अपघात. म्हणून आमची मुलगी एकोणीस निष्पाप जिवांवर उठली आहे. तिच्या डोक्यात हे कुणी भरवले, असे वकिलांनी माझ्याकडे पाहून विचारले. मी तिच्या मागे ठाम उभा राहीन अशा अपेक्षेने मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिने सहलीला जावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे त्यात माझाही हात वर होता. भरलेले पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाहीत.

मुलगी गेली, भिंत रंगवून आली. बाईंचा कोट छान दिसला. फोटोंत सर्वत्र तोच आहे. मुलीच्या प्रमाणपत्रावर 'करुणा : उत्तम' असा शेरा आहे. आल्यापासून ती माझ्याकडे काहीच मागत नाही. आपल्याला जमेल का, हेही विचारत नाही. सर म्हणतात, यालाच प्रगल्भता म्हणतात, आणि ती परदेशाशिवाय येत नाही.

योजनेचे यश पाहून पुढच्या वर्षी तिकडून तीन शाळा येत आहेत. गरजू घरे वाढवणे आले. अनुभवी म्हणून पाहणी समितीवर मला घेतले आहे. परवा सरांबरोबर फिरताना आम्ही तुमच्याही दारासमोर थांबलो होतो. खिडकी उघडी होती, आत दिवा होता, आणि कुणीतरी आमच्यासारख्यांच्या मूर्खपणावर मोठमोठ्याने हसत होते. मी म्हटले, हे घर खाऊनपिऊन सुखी दिसते, पुढे जाऊ या.

सरांनी हातातल्या यादीवर बोट ठेवले.

"यांना मंजूर धरा," ते म्हणाले. "यांनी काल पहिला हप्ता भरलाय."