जोडणी तात्पुरती आहे

आमच्या कार्यालयाच्या संकेतस्थळामागे दोन सर्व्हर होते. पुढचा वेब सर्व्हर लोकांचे अर्ज घ्यायचा, मागचा त्यांवर निर्णय द्यायचा. दोघं एकाच कपाटात, वीतभर अंतरावर. पण बोलणं बंद. कारण पुढचा पुढच्या साहेबांच्या ताब्यात होता आणि मागचा मागच्या बाईंच्या.

दोघांना जोडायचं म्हणजे पुढच्यात एक ओळ लिहायची आणि मागच्याचं एक पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडायचं. हे काम ज्याच्याकडे होतं, त्या जोडणीवाल्याला भलतीच घाई होती. त्याची मुलगी आठ दिवसांची झाली होती आणि त्याने ती फोटोतच पाहिली होती. रजेचा अर्ज मात्र त्याच संकेतस्थळावरून करायचा होता.

"साहेब, ओळ लिहू का?"

"लिही की! पण आधी बाईंना पोर्ट उघडू दे. बंद दारावर टकटक करायला आमचा सर्व्हर काय सेल्समन आहे?"

बाई म्हणाल्या, "आधी टकटक होऊ दे. कुणी येईल म्हणून दार उघडं टाकून बसायची आपल्याकडे पद्धत नाही."

समन्वय समिती बसली. तीन बैठकांनंतर ठरलं: तूर्तास मानवी जोडणी. जोडणीवाल्याने पुढच्या सर्व्हरवरचा अर्ज कागदावर उतरवायचा, कपाटाला वळसा घालून मागे टाइप करायचा, उत्तर तसंच परत आणायचं. त्याच्या ओळखपत्रावर हुद्दा आला: 'पोर्ट (प्रभारी)'.

मग सुरक्षेच्या कारणास्तव दोन सर्व्हरांच्या मध्ये विटांची भिंत आली आणि मागचा सर्व्हर वरच्या मजल्यावर गेला.

बायकोचा फोन आला. "अहो, ती पालथी पडायला लागली! येताय कधी?"

"अगं, अर्ज भरलाय. नंबर लागला की मीच तो वर घेऊन जातो."

"मग न्या ना आत्ताच!"

"नियम आहे गं. आधी नागरिकांचे, मग कर्मचाऱ्यांचे."

काल त्याचा नंबर लागणारच होता. पुढे एकच अर्ज उरला होता, तुमचा. तो घेऊन जोडणीवाला जिना चढत होता आणि तुमच्या पडद्यावर चाक फिरत होतं. तुम्हाला धीर निघेना. तुम्ही बटण पुन्हा दाबलंत. एकदा नाही, सतरा वेळा. खाली सतरा नवे अर्ज पडले, सगळे नागरिकांचे.

शिवाय तक्रारही नोंदवलीत: 'तुमच्याकडे माणसं आहेत की नाहीत?'

एक आहे. आधी तुमचे सतरा अर्ज, मग ही तक्रार, तोच वर नेणार आहे. मुलगी त्यानंतर.